सुलभाकाकूंचा ऐसर

सुलभाकाकू परुळेकर २००२ च्या एप्रिलमध्ये मॉरिसव्हिलला आल्या, तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरापुढे अमेरिकेचा झेंडा होता. सप्टेंबरचा हल्ला होऊन सात-आठ महिने झाले होते. गोऱ्या शेजाऱ्यांनी उतरवल्याशिवाय आम्हा देशी लोकांची झेंडे उतरवायची हिंमत नव्हती. काकू गाडीतून उतरल्या, त्यांनी रस्ताभर नजर फिरवली आणि मुलाला विचारलं, "कसली निवडणूक आहे रे?"

अतुलने सगळं समजावून सांगितलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे हे दाखवायला लावलेत." आणि बॅग उचलून आत गेल्या.

मी समोरच्या घरात राहायचे. त्या वर्षी नवऱ्यापाठोपाठ पुण्याहून नव्यानेच आले होते आणि माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. सकाळी आठला सगळे कंपन्यांच्या दिशेने निघून गेले की अख्ख्या रस्त्यावर मी आणि काकू अशा दोघीच उरायचो. त्यामुळे आमची गट्टी जमली. काकू तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. जन्म आंबोलीजवळच्या चौकुळातला, नोकरी सावंतवाडीला सरकारी दवाखान्यात नर्सची. अतुल नऊ वर्षांचा असताना नवरा गेला, त्यानंतर रात्रपाळ्या करून मुलाला इंजिनिअर केलं. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे, सगळ्यांच्या त्या सिस्टर. एकदा गॅस्ट्रोची साथ असताना एक पुढारी वीस माणसं घेऊन पेशंटना भेटायला आला, तेव्हा काकूंनी वॉर्डाला आतून कडी घातली होती. डॉक्टर विनवत होते, सिस्टर, उघडा, बदली होईल. काकू म्हणाल्या होत्या, होऊ दे. बदली झाली. दोन वर्षं त्या दोडामार्गाला जाऊन-येऊन करत राहिल्या, पण कडी घातल्याचा पस्तावा त्यांच्या तोंडून कधी आला नाही.

अशा बाईला आमच्या वसाहतीत करण्यासारखं काही नव्हतं. नात अनुष्का चार वर्षांची, ती दिवसभर डेकेअरला. सून दीपा बँकेत. घरं सगळी एका साच्यातली, सगळ्यांपुढे तोच हिरवा गालिचा, दर गुरुवारी मशीन फिरवून कापलेला. मुळात तिथे पाइनचं रान होतं. बिल्डरने ते साफ केलं आणि अतुलच्या प्लॉटच्या कोपऱ्यात, जिथे पावसाच्या पाण्याचा पाट रस्त्याखालच्या पाइपात शिरतो, तिथे उतारावर मशीन चढेना म्हणून एक झुडूप तेवढं राहून गेलं. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिलं तेच दिसायचं.

काकूंनी ते पाहिलं जूनमध्ये, फुलावर असताना. देठाच्या दोन बाजूंना समोरासमोर रुंद दातेरी पानं, आणि पानांच्या बेचक्यात फिकट गुलाबी फुलांचे बारीक झुबके. त्यांनी पान चुरडून नाकाला लावलं. मग मला हाक मारली.

"ज्ञानदा, हा ऐसर आहे गं."

मला ऐसर माहीत नव्हता. त्यांनी सांगितलं, आंबोलीच्या रानात ऐसराची झाडं असतात, पानांना खालून लोकर असते. चौकुळात विड्याला पान मिळालं नाही की बायका ऐसराची साल चुना लावून चघळायच्या. त्यांची आजी चघळायची. "हा काही तोच नाही. ह्याला लोकर नाही, आणि हे झाड नाही, झुडूप आहे. पण चुलत भाऊ तरी नक्की."

अनुष्का म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ बुश." त्या दिवशी काकूंनी ते हसण्यावारी नेलं. पण ऑक्टोबर आला आणि त्या झुडपाला फळं धरली, तेव्हा अनुष्काही गप्प झाली. फांदीभर, पेरापेराला, मण्यांचे गच्च घोस. रंग जांभळा म्हणावा तर गुलाबी, गुलाबी म्हणावा तर जांभळा, असा उघडावाघडा की कोणी वरून रंगवलंय असं वाटावं. गाड्या जाता जाता हळू व्हायच्या.

ज्या गावात बस नाही, त्या गावात गाडी न येणारं माणूस पार्सलसारखं असतं, कोणीतरी नेलं तर जातं. काकूंना हे सोसेना. पुढच्या वर्षी त्यांनी गाडी शिकायचं ठरवलं. अतुल नाही म्हणाला, दीपा नाही म्हणाली, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी स्वतः नुकतीच शिकले होते. आम्ही देवळाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये माझ्या जुन्या गाडीवर सराव केला. दोनदा नापास होऊन काकू पास झाल्या आणि त्यांनी पहिली गाडी घातली ती चॅपल हिलच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये. हायवेवर पंचेचाळीस मैलांच्या वर जायचं नाही हा त्यांचा नियम. मागून लोक हॉर्न वाजवत होते. काकू म्हणाल्या, वाजवू देत, त्यांच्या गाडीचा आहे.

तिथे तेच झुडूप पाटी लावून उभं होतं. ब्यूटीबेरी. तिथल्या बाईंनी सांगितलं की काकूंचं बरोबर आहे, आंबोलीचा ऐसर आणि हे झुडूप एकाच गोतातले. शास्त्रज्ञांनी आधी ह्याला दुसऱ्या कुळात घातलं होतं, आता पुदिन्याच्या कुळात आणून बसवलंय. पुदिन्याचं कुळ म्हणजे तुळशीचंच. काकूंना याचं फार अप्रूप वाटलं. परतताना गाडीत म्हणाल्या, "बघ, त्याचं घराणं माणसांनी बदललं. त्याला विचारलं का कोणी?"

त्याच सुमारास त्यांची ऑड्रेशी ओळख झाली. आमच्या वसाहतीची भिंत संपते तिथे जुन्या रस्त्याला लागून ऑड्रेचं लाकडी घर होतं. काळी बाई, काकूंपेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिच्या आजोबांपासून ती जमीन त्यांची. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ऑफिसांच्या काचेच्या इमारती, आणि मध्ये हिची पडवी. बिल्डरांची माणसं दर वर्षी येऊन विचारून जायची आणि ती दर वर्षी नाही म्हणायची. तिच्या मागच्या कुंपणाला काकूंच्या त्या ऐसराची रांगच होती. तिचे वडील खेचरांच्या साजाखाली ही पानं चुरडून ठेवायचे, म्हणजे माश्या-डास लागत नसत. काकूंचं इंग्रजी दवाखान्यातलं, ऑड्रेचं तिथल्या मातीतलं. दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं. पण तास-तास बसायच्या. त्या उन्हाळ्यात डासांमुळे येणाऱ्या तापाची टीव्हीवर रोज बातमी असायची. काकू अनुष्काच्या हातापायांना पानं चोळून तिला खेळायला सोडायच्या आणि रस्त्यावरच्या बाकीच्या पोरांनाही धरून चोळायच्या.

आता मनोहरकाकांविषयी सांगायला हवं. मनोहर आगाशे १९६८ मध्ये आठ डॉलर खिशात घालून आलेल्या पिढीतले. मोठ्या कंपनीतून निवृत्त, घरमालकांच्या असोसिएशनचे अध्यक्ष. त्या पदावर निवडून आलेले पहिले भारतीय, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. आम्हा नव्या लोकांना त्यांनी काय कमी मदत केली? माझ्या नवऱ्याला, सत्यजितला, ते स्वतः गाडीत घालून लायसन्सच्या ऑफिसात घेऊन गेले होते. हल्ल्यानंतर दारोदार जाऊन झेंडे लावा असं सांगणारेही तेच. त्यांचं लॉन रस्त्यात पहिल्या नंबरचं. असोसिएशनची एक यादी होती, घरापुढे कोणती झाडं लावायची त्याची, आणि त्या यादीत ब्यूटीबेरी नव्हती.

२००४ च्या उन्हाळ्यात अतुलला नोटीस आली. नोटिशीच्या पाठोपाठ मनोहरकाका चहाला आले. मी तिथेच होते. त्यांनी आवाज चढवला नाही, फार गोडीत बोलले. म्हणाले, झुडूप वाईट नाही, पण रानटी आहे. लोकांना वाटतं, ह्या घरात कोणी लक्ष देत नाही. मग त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"सुलभाताई, आपल्या लोकांवर आधीच इथे नजर आहे. आपण उठून दिसायचं नाही."

"नजर आहे तर बघू देत की," काकू म्हणाल्या. "बघण्यासारखंच आहे."

"तुम्ही दोन वर्षांपूर्वी आलात. मी छत्तीस वर्षं काढलीत इथे. घराच्या काचेवर अंडी फेकलेली आम्ही पुसलीत, पोरं उठायच्या आत."

 काकूंनी विचारलं, "ज्यांनी फेकली त्यांचं लॉन चांगलं होतं?"

मनोहरकाकांनी चहा अर्धा ठेवला.

खरी अडचण अतुलची झाली. अतुल मनाने चांगला, पण कोणाशी वाकडं घेणं त्याला जमत नसे. हॉटेलात चुकीची भाजी आली तरी मुकाट्याने खाणारा. त्याने आईला सुचवलं की आपण ते मागच्या अंगणात हलवू. काकूंनी ऐकून घेतलं. त्या उतारावर ते मुळं रोवून बसलंय म्हणून तिथली माती धरून आहे, हलवलं तर दोन्ही जातील, असं त्यांचं म्हणणं. अतुल म्हणाला, आई, पण नियम आहे. तेव्हा काकू म्हणाल्या, "घर तुझं आहे. तू जा म्हणालास तर मी जाईन. झाड काढ म्हणालास तरी मी काढणार नाही." अतुल यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. नोटिसा येत राहिल्या आणि तो त्या ड्रॉवरमध्ये टाकत राहिला.

पुढच्या फेब्रुवारीत एका सकाळी काकू आणि मी वाणसामान घेऊन परत आलो, तर कोपरा मोकळा. असोसिएशनने माणसं पाठवून झुडूप कापून टाकलं होतं. गुडघ्याएवढे सोट उरले होते, आणि शेजारी फांद्यांचा ढीग, काही फांद्यांवर वाळलेले मणी अजून चिकटलेले. काकू गाडीतून उतरून त्या ढिगाजवळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी वाकून सोटांवरून हात फिरवला, जखम तपासतात तसा. मग हातभर फांद्या उचलल्या आणि रस्त्याच्या मधोमध चालत मनोहरकाकांच्या दाराशी गेल्या. मी मागोमाग.

दार त्यांनीच उघडलं. काकूंनी विचारलं, "मी घरात नाही हे बघून पाठवलंत?"

"असोसिएशनला तसा अधिकार आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, हे मला स्पष्ट आठवतं.

"अधिकार आहे, माहीत आहे. मी वेळेबद्दल विचारतेय."

 काकूंनी फांद्या त्यांच्या पायपुसण्यावर नीट मांडून ठेवल्या आणि परत आल्या. त्या संध्याकाळी अतुलने ते सोट पाहिले आणि गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ बसला. दीपाने त्याला जेवायला दोनदा हाक मारली.

ऑड्रेला हे कळलं तेव्हा ती पोट धरधरून हसली. काकू रागावल्या. मग तिने सांगितलं की तिची आई दर वर्षी याच महिन्यात हे झुडूप गुडघ्याएवढं छाटायची. फळं धरतात ती नव्या फांदीवर. ज्यांनी कापलं त्यांनी तुझं काम फुकट केलं, सिस्टर. ऑड्रेही त्यांना सिस्टर म्हणायची, फक्त तिच्या चर्चमधल्या, बहिणीच्या अर्थाने.

आणि तसंच झालं. मेपर्यंत सोटांमधून दहा-बारा धुमारे फुटले, ऑगस्टपर्यंत झुडूप काकूंच्या डोक्यावर गेलं आणि सप्टेंबरात असं लगडलं की फांद्या रस्त्यावर लवल्या. ऑक्टोबरात असोसिएशनची वार्षिक सभा होती, शाळेच्या हॉलमध्ये. काकू अतुलबरोबर गेल्या, हातात फळांची एक फांदी घेऊन. प्रश्न विचारायची वेळ आली तशा उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, मला सर्वांचे आभार मानायचे आहेत. एवढंच. त्यापुढे मनोहरकाकांनी थांबवलं. सभेत फक्त घरमालकांना बोलता येतं, तुम्ही पाहुण्या आहात, असं ते माइकवरून म्हणाले. अतुल शेजारी खाली मान घालून बसला होता.

काकू वाद न घालता हॉलबाहेर गेल्या. सभा संपेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या आणि त्या फांदीच्या अंगाला घासूनच जावं लागलं, आणि त्या प्रत्येकाला म्हणत होत्या, थँक यू फॉर द प्रूनिंग. काहींना कळलं नाही. काही हसले. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने एक घोस मागून घेतला. मनोहरकाका बाहेर आले तेव्हा त्यांनाही काकूंनी तेच म्हटलं, मराठीत, छाटणीबद्दल आभार.

पुढच्या फेब्रुवारीत असोसिएशनची माणसं पुन्हा आली. या वेळी काकू घरी होत्या. त्या स्वेटरवर अतुलचं जॅकेट चढवून बाहेर आल्या, चहाचे कप आणले आणि कुठून कापायचं ते आपल्या गुडघ्याला हात लावून दाखवलं. ती मेक्सिकन पोरं गोंधळली, पण चहा प्यायली आणि बाई सांगतील तसं कापून गेली. ही हकिकत रस्ताभर झाली. लोक मनोहरकाकांना विचारू लागले, आमचीही झाडं फुकट छाटून द्याल का?

चेष्टा माणसाला लागते. २००७ च्या वसंतात नोटीस आली ती वेगळी होती. झुडूप मुळासकट उकरून काढायचं, घरमालकांनी स्वतः काढलं नाही तर सभेत ठराव करून असोसिएशन काढेल.

काकूंनी ती वाचली आणि पहिल्यांदाच त्या मला म्हाताऱ्या वाटल्या. म्हणाल्या, मुळालाच हात घातला तर माझ्याकडे इलाज नाही.

त्या आठवड्यात अतुलने ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली. वकिलाकडे गेला आणि घराच्या कागदांवर आपल्या आणि दीपाच्या जोडीला आईचं नाव घालायची व्यवस्था करून आला. दीपा आधीच हो म्हणाली होती. जेवताना त्याने हे सांगितलं. काकू चिडल्या. मला कशाला घर? माझं सावंतवाडीला आहे. असल्या वयात कोणी नाव घालतं का, उद्या मी गेले की तुलाच त्रास. अतुलने सगळं ऐकून घेतलं, नेहमीसारखं. मग म्हणाला, "आई, त्यांनी तुला सभेत पाहुणी म्हटलं. मी तिथे बसलो होतो."

काकू उठून बेसिनपाशी गेल्या आणि स्वच्छ असलेलं भांडं घासत राहिल्या. हे मला दीपाने सांगितलं.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. उन्हाळाभर आकाश कोरडं, तळ्यांचे काठ भेगाळले, बातम्यांमध्ये रोज पाण्याची पातळी. आधी एक दिवसाआड लॉनला पाणी घाला म्हणाले, मग घालूच नका. सगळ्यांची लॉन्स आधी पिवळी, मग करडी, मग चक्क माती झाली. पाच वर्षांत पहिल्यांदा आमचा रस्ता खरा कसा आहे ते दिसलं, तांबडी चिकणमाती, जवळजवळ कोकणासारखी. मनोहरकाकांनी एका कंपनीकडून आपलं मेलेलं लॉन हिरव्या रंगाने फवारून घेतलं. लांबून ते छान दिसायचं. काकूंच्या झुडपाची पानं दुपारी मान टाकायची, पण संध्याकाळी उठायची, आणि सप्टेंबरात मणी धरले, थोडे कमी, पण त्याच उघड्यावाघड्या रंगाचे. आमच्या सगळ्या रस्त्यावर तेवढाच एक रंग उरला होता. मनोहरकाकांचा धरला तर दोन.

ऑक्टोबरच्या सभेला हॉल भरला. लोक लॉनच्या आणि पाण्याच्या काळजीने आले होते. ठराव वाचून झाला आणि काकू उभ्या राहिल्या. मनोहरकाका माइककडे झुकले, पण त्यांच्या आधी अतुल उठला.  माझी आई घराची मालक आहे आणि ती बोलणार आहे, एवढं इंग्रजीत म्हणून तो उभाच राहिला.

काकू मराठीत बोलल्या आणि अतुलने वाक्यावाक्याला भाषांतर केलं.

"मी नर्स होते. मेलेलं काय आणि जिवंत काय, हे मला कळतं. ह्या वसाहतीत आत्ता एकच गोष्ट जिवंत आहे, आणि तुम्ही ती उकरायची की नाही यावर मत घेताय. हे झुडूप मी आणलेलं नाही, तुम्हीही आणलेलं नाही. ते इथलंच आहे. ह्या हॉलमध्ये बसलेल्या आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त इथलं आहे. उकरायचं तर उकरा. पण मी त्या दिवशी घरात असेन, आणि मी बाजूला होणार नाही."

हॉलमध्ये टाळ्याबिळ्या झाल्या नाहीत.  मग हात मोजले. ठराव थोडक्या मतांनी पडला. ब्यूटीबेरी यादीत घालावी अशी सूचना त्या घोस मागून घेणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी केली, तीही थोडक्या मतांनी पडली. म्हणजे झुडूप काढायचं नाही आणि ते चालतही नाही. घरी येताना मी म्हटलं, काकू, हे काही धड झालं नाही. त्या म्हणाल्या, "मला परवानगी कुठे हवी होती?"

ऑड्रे थोड्या दिवसांच्या आजारानंतर त्या जानेवारीत गेली, झोपेतच. अंत्यविधीला आम्ही गेलो, काकू पांढरी साडी नेसून, आणि तिथे सगळ्या बायका रंगीत हॅटमध्ये. तिची मुलं अटलांटाला असतात. त्यांनी जमीन विकायची ठरवली आणि महिन्याभरात तिथे बिल्डरचं कुंपण लागलं. ऑड्रेने आजारात काकूंना सांगून ठेवलं होतं, माझी झुडपं तू घेऊन जा. मुलांनीही फोनवर होकार दिला, पण बिल्डरच्या ऑफिसात कोणी फोन उचलेना. तेव्हा फेब्रुवारीतल्या एका शनिवारी काकू, अतुल आणि मी फावडी, गोणपाट घेऊन कुंपणाच्या फटीतून आत गेलो. पडवीवरच्या दोन खुर्च्या अजून तशाच होत्या. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सरळ मागे गेल्या.

झुडपं आधी छाटली, मग उकरायला घेतली. जमीन अजून कोरडी, दगडासारखी. चार निघाली असतील, तेवढ्यात सिक्युरिटीची गाडी आली. तरुण गार्ड उतरला आणि विचारू लागला, कोणाच्या परवानगीने? काकू म्हणाल्या, मालकिणीच्या. तो म्हणाला, मालक आता कंपनी आहे, तुम्ही बाहेर व्हा, नाहीतर पोलिसांना बोलवावं लागेल. मी हातातलं फावडं खाली ठेवलं. अजून माझं ग्रीन कार्डचं काम चालू होतं. मी अतुलकडे पाहिलं, कारण अशा वेळी सॉरी म्हणून निघायचं हा त्याचा स्वभाव.

अतुल गुडघ्यांवर बसला होता, कोपरापर्यंत मातीत. त्याने मान वर केली नाही. "बोलवा," तो म्हणाला. "ते येईपर्यंत हे एवढं निघेल."

 गार्ड गाडीत जाऊन बसला आणि फोनवर कोणाशी तरी बोलत राहिला. पोलीस काही आले नाहीत. आम्ही रांगेतलं शेवटचं झुडूप गोणपाटात बांधलं तेव्हा उन्हं उतरली होती आणि काकूंना उठून उभं राहायला आम्हा दोघांचा हात लागला.

झुडपं वाटून टाकली. दोन माझ्या घरापुढे लागली. हे घर आम्ही आदल्याच वर्षी विकत घेतलं होतं. सत्यजित आधी कुरकुरला, मग खड्डा त्यानेच खणला. बाकीची रस्त्यावरच्या आणखी पाच घरांपुढे गेली, त्यांतलं एक त्या म्हाताऱ्या बाईंच्या. एक जगलं नाही. ऑड्रेच्या जागेवर काही बांधलं गेलं नाही. त्या वर्षी बांधकामंच बंद पडली, बिल्डर बुडाला, कुंपण तेवढं उभं आहे.

मनोहरकाका अध्यक्षपदावरून उतरले नाहीत. रस्त्यात भेटले तर काकूंना नमस्कार करतात, काकूही करतात. दिवाळीला फराळाचं ताट इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलं. झुडपाचा विषय दोघंही काढत नाहीत.

या सप्टेंबरात माझ्या दोन्ही झुडपांना पहिले मणी धरले, आणि त्याच आठवड्यात असोसिएशनची नोटीस आली, मनोहरकाकांच्या सहीची. सत्यजितने विचारलं, आता काय करायचं? मी काकूंना विचारायला गेले नाही. टेबलाशी बसून एका ओळीचं उत्तर लिहिलं, की झुडपं राहतील. खाली आम्हा दोघांच्या सह्या केल्या आणि मी ते स्वतः त्यांच्या दारात नेऊन दिलं, ते घरात असताना.